दुभाष्या बंद होता त्या दिवशी

टीमप्रमुख कुंदाताईंनी सकाळीच दुभाष्या बंद केला. सहा वर्षं टीममधले पाचही जण आपापल्या आवडत्या प्रोग्रामिंगच्या भाषेत वेबसाइट लिहीत होते आणि हे यंत्र दुसऱ्याचा कोड ज्याच्या त्याच्या भाषेत करून दाखवायचं. आता सगळ्यांनी एकच भाषा वापरायची होती. कुठली, ते संध्याकाळी मतांवर ठरणार होतं.

“आधी एकमेकांचं मूळ लिखाण वाचा, मग भांडा,” कुंदाताई म्हणाल्या.

हेमांगीने समोर बसणाऱ्या फिरोजचा कोड वैतागूनच उघडला. त्याची भाषा जुनाट आहे, असं ती कालच सगळ्यांसमोर म्हणाली होती. पण ओळींच्या मधेमधे साध्या मराठीत टिपा होत्या. कोड चालायला त्यांचा उपयोग नाही, म्हणून दुभाष्याने त्या कायम गाळल्या होत्या.

‘हेमांगी, हे उलटं वाटेल, पण बरोबर आहे.’

‘हे हेमांगीच्या पद्धतीने करून बघितलं. तिचीच पद्धत बरी.’

सर्वांत जुनी टीप ती रुजू झाली त्या आठवड्यातली होती. ‘नव्या मुलीला इथे नक्की अडेल. विचारायला आली की चहा पाजून समजावतो.’

दुभाष्यामुळे तिला कधी अडलंच नव्हतं. ती कधी गेलीच नव्हती.

संध्याकाळी फिरोजची भाषा एका मताने जिंकली. ते मत हेमांगीचं होतं.

“अगं, तुला तर ती जुनाट वाटते ना?” फिरोजने विचारलं.

“वाटतेच. आणि त्यातलं मला काही कळतही नाही,” खुर्ची त्याच्या टेबलापाशी ओढत हेमांगी म्हणाली. “चहा सांग. अगदी पहिल्या टिपेपासून समजाव.”