कोळशाचा सदरा

रेल्वेत डिझेलची इंजिनं आली आणि वाफेच्या इंजिनात कोळसा टाकणाऱ्या महिपतीच्या हाती कचेरीतला झाडू आला. गावात त्यानं हे कुणालाच सांगितलं नाही, बायको प्रयागबाईलाही. सुट्टीवर येताना महाडच्या स्टँडवर त्यानं हॉटेलच्या शेगडीतला विझलेला कोळसा निळ्या सदऱ्याला चोळला. दुसऱ्या दिवशी प्रयागबाई तो सदरा घेऊन सावित्री नदीवर गेली. महिपती तिथंच बैल धूत होता. इंजिनाचा तेलकट काळा डाग कितीही घासला तरी उरायचाच. हा पहिल्याच पाण्यात गेला. प्रयागबाईनं मान वर करून नवऱ्याकडे बघितलं. तो बैलाआड झाला. “काय गो, आज धुणं लवकर आटपलं?” शेजारच्या दगडावरून चिमाबाईनं टोमणा मारला. “फायरमननं कोळसा टाकला नाय वाटतं!” “इंजिनाचं काळं इतक्यात निघतं व्हय?” प्रयागबाई म्हणाली, आणि स्वच्छ सदरा दगडावर आपटत राहिली. महिपतीला बैलाआडून बाहेर येववेना.