पाच गिअर की सहा

“काकू, तुम्ही सावलीत बसा बघू,” मिस्त्री म्हणाला आणि जळक्या पिकअपखाली सरकायला पाठीवर आडवा झाला.

काकू हलल्या नाहीत. पोलीस ठाण्यामागच्या आवारात ऊन मी म्हणत होतं. समोर होतं त्याला गाडी म्हणायचं ते केवळ सवयीनं. काचा नाहीत, रंग नाही, नंबरप्लेट वितळलेली. घाटाखालच्या खडकांतून ती सकाळीच क्रेननं वर काढली होती. आत कोणी सापडलं नव्हतं. पण एक दार उखडलं होतं, आणि खाली नदी होती.

सहा दिवसांपूर्वी काकूंची सून आणि घरची पिकअप, दोन्ही एकदमच नाहीशी झाली होती.

“चेसिसचा नंबर दगडावर आपटून चेपलाय,” इन्स्पेक्टर साहेब म्हणाले. “तपासणीचं उत्तर यायला दोन आठवडे. तोवर तुमचा जीव टांगणीला. म्हणून म्हटलं, तुमच्या मिस्त्रीलाच विचारू.”

“बोलावलंत ते बरं केलंत,” गाडीखालून आवाज आला. “या बनावटीला दोन तऱ्हेचे गिअरबॉक्स येतात, साहेब. एक पाच गिअरचा, एक सहाचा. काकूंची गाडी पाचाची, मीच दोनदा उघडलीय. पाचाच्या झाकणाला आठ बोल्ट, सहाच्या झाकणाला दहा. बाकी सगळं जळेल, लोखंडाचं झाकण कुठं जातंय!”

वायर ब्रशची खरखर सुरू झाली.

काकूंची रोपवाटिका होती. नवरा गेल्यावर कुंड्या भरून ती पिकअप त्यांनीच बारा वर्षं गावोगाव पळवली. गुडघे बोलायला लागले तेव्हा चावी मुलाच्या हातात दिली. तो मुलगा आता शेजारीच उभा होता. दाढी वाढलेली, डोळे तारवटलेले. सहा दिवसांत त्यानं तीन शहरं पालथी घातली होती. बायकोचं माहेर, तिच्या मैत्रिणी, बसस्थानकं. फोटो दाखवत वणवण फिरला होता. बायकोवर जीव असावा तर असा, असं शेजारीपाजारी म्हणत होते.

“मिसेसना गाडी चालवता येते?” साहेबांनी त्याला विचारलं.

“तिला? सायकलसुद्धा येत नाही, साहेब. कोणीतरी बरोबर असणार. नाहीतर मग…” त्यानं जळक्या सांगाड्याकडे पाहिलं आणि पुढचं गिळलं.

“घरात काही कुरबूर?” साहेब काकूंकडे वळले.

“भांड्याला भांडं लागतंच,” काकूंच्या आधी मुलगाच म्हणाला. काकूंनी मान खाली घातली.

“एक… दोन… तीन…” मिस्त्री मोजू लागला.

काकूही बोटांवर मोजत होत्या. डोळ्यांसमोर सून येत होती. रोपांशी बोलणारी, हसताना तोंडावर हात धरणारी, भर उन्हाळ्यातही पूर्ण बाह्या घालणारी. सहा दिवसांत तिचा आवाज कानावर पडला नव्हता. फोन वाजला की काकू धावत, आणि पलीकडे कुंड्यांचा भाव विचारणारं कोणीतरी असे.

“सात… आठ.”

खरखर थांबली. साहेबांनी झटकन खुर्ची पुढं सरकवून काकूंना बसवलं.

“आठच का?” मुलानं विचारलं.

“थांबा हो. या कडेला वितळलेलं रबर घट्ट बसलंय. स्क्रू-ड्रायव्हर द्या कोणीतरी.”

“माझंच चुकलं,” काकू पुटपुटल्या. “मीच केलं हे.”

साहेबांनी पाण्याचा ग्लास त्यांच्या हातात दिला. अशा वेळी कुठलीही सासू हेच म्हणणार, असं त्यांना वाटलं.

“नऊ!” खालून हाक आली. मग काहीतरी तटकन निखळल्याचा आवाज. “आणि हा दहावा! दहा आहेत, साहेब! सहाची गाडी आहे ही. आपली नव्हे, काकू, आपली नव्हे!”

काकूंनी ग्लास तसाच धरून ठेवला आणि लहान मुलासारख्या रडू लागल्या. रडता रडताच हसू लागल्या. मिस्त्री बाहेर आला. तोंड काळंठिक्कर, नुसते दात दिसत होते. काकूंनी त्याचे ते काजळीचे हात आपल्या गालांवर दाबून धरले. हवालदार हसला, त्यानं चहा मागवला. सहा दिवसांत पहिल्यांदाच काकूंनी बिस्कीट चहात बुडवलं, मग दुसरं, मग तिसरं.

“ही ज्याची असेल, तोही सुखरूप असू दे,” त्या म्हणाल्या.

मुलगा भिंतीला टेकून डोळे मिटून उभा होता. “म्हणजे जिवंत आहे.”

“असणारच! आता सापडेलही,” साहेब म्हणाले.

“सापडायलाच पाहिजे. सापडल्याशिवाय मी थोडाच सोडतो!”

साहेबांनी कौतुकानं त्याची पाठ थोपटली आणि कागदांवर सही करायला त्याला आत नेलं.

आवारातल्या नळावर मिस्त्री साबण घासत होता. काकू त्याच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या छातीवरचा धोंडा उतरलेला दिसत होता.

“एक मात्र कळत नाही, काकू,” तो म्हणाला. “वहिनींना गाडी येत नाही. मग नेली कोणी?”

काकूंनी ठाण्याच्या दाराकडे एकदा पाहून घेतलं.

“भरल्या टाकीत आपली गाडी किती जाते रे?”

“सहाशे किलोमीटर तर डोळे झाकून. का?”

“मग पोचली ती,” काकू हलक्या आवाजात म्हणाल्या. “आठ महिने चोरून शिकवली तिला. आणि त्या दिवशी टाकीही मीच भरून दिली.”