पानाच्या तळाची टीप

तुरुंगातल्या जाळीपलीकडून त्याने नवं बायबल उघडून धरलं. मागच्या भेटीत मीच त्याला दिलेलं. लूकच्या शुभवर्तमानाच्या पानावर, तळाच्या बारीक अक्षरांवर त्याचं बोट होतं.

"पाळकसाहेब, हे काय लिहिलंय? येशूने वधस्तंभावरून मारेकऱ्यांसाठी क्षमा मागितली, ते वाक्य काही सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाहीच?"

"नाही," मी म्हणालो. टीप माझ्याच हातची होती. या बायबलच्या भाषांतर समितीत मूळ ग्रीक वाचता येणारा मी एकटाच. हस्तलिखितांचे फोटो समोर होते. खोटं कसं लिहिणार? "पण इतर जुन्या प्रतींत आहे."

"म्हणजे खात्री नाही." त्याने बायबल मिटलं. "मी तुमच्या मुलाचा जीव घेतला. तरी हेच वाक्य म्हणून तुम्ही भर कोर्टात मला माफ केलंत. येशू तसं बोललाच नसेल, तरी तुमची माफी खरी आहे ना?"

जाळीला कपाळ टेकवून तो उत्तराची वाट बघत राहिला. शिपायाने वेळ संपल्याचं सांगितलं. त्या दिवशी कोर्टात माझ्याजवळ त्या वाक्याशिवाय दुसरं काहीच नव्हतं.