यंदा मेपल लवकर रंगला

डॉक्टरांनी खरं काय ते तोकुजिरोला बाहेर बोलावून सांगितलं आणि त्याच्या बायकोला, फुसाएला, “उन्हाळा सरला की बरं वाटेल” म्हणत घरी पाठवलं.

सप्टेंबरच्या दुसऱ्याच आठवड्यात तिच्या कुंडीतला मेपल लाल झाला. तोकुजिरोने कुंडी उचलून तिच्या अंथरुणाशी आणून ठेवली.

“बघ! दरवर्षी नोव्हेंबरपर्यंत ताटकळत ठेवतो. यंदा तुझ्यासाठी घाई केली लेकाच्याने. देवळामागचे सगळे अजून हिरवेच आहेत.”

तीस वर्षं त्या झाडाला उन्हाळाभर दोन वेळा पाणी घातलं होतं तिने. तिने एक पान बोटांत धरलं, तशी त्याची कड चुरा होऊन पांघरुणावर पडली. मग तिने मातीत बोट खुपसलं. माती आतपर्यंत कोरडीठाक होती.

“पाणी कधीपासून तोडलंत?”

तोकुजिरो पांघरुणावरचा चुरा गोळा करू लागला.

फुसाएने उशाशी ठेवलेला आपला पाण्याचा पेला उचलला आणि सावकाश कुंडीत रिता केला.

“म्हणजे, नोव्हेंबरपर्यंतसुद्धा नाही म्हणाले का हो डॉक्टर?”