विरजणाची वाटी

"विरजण संपलंय. समोरच्या फ्रिजकडे मागितलं आहे," कौमुदीच्या फ्रिजने सांगितलं.

"तिच्याकडे कशाला?" कौमुदी ओरडली. समोर तिची धाकटी जाऊ शर्वाणी राहायची. गच्चीवरच्या वाळवणावरून भांडण झालं, तेव्हापासून वर्षभर दोघी बोलत नव्हत्या. इमारतीतली यंत्रं मात्र एकमेकांना जोडलेली होती आणि त्यांना भांडण ठाऊक नव्हतं.

बेल वाजली. दारात शर्वाणी वाटी घेऊन उभी होती.

"वहिनी, तुमच्या फ्रिजने मागितलं."

"मी सांगितलं नव्हतं त्याला."

"माहीत आहे. तो रोजच काही ना काही मागतो. कधी कोथिंबीर, कधी लिंबू. आज मी धीर केला."

कौमुदीला हसू आवरेना. तिने वाटीसकट शर्वाणीचा हात धरला आणि तिला आत ओढलं.