आभारफेरी

विधानसभेला दुसऱ्यांदा पडलेले सांगळे कंडक्टर निकालाच्या दुसऱ्याच दिवशी आभारफेरीला निघाले.

"अहो, ती जिंकलेल्यांनी काढायची असते!" बायको म्हणाली.

"मतं मलाही पडलीत की."

नोकरीभर ज्या डोंगरवाडीतून ते पहाटे डबल बेल मारून एसटी सोडायचे, तिथे म्हातारी भामाबाई ताट घेऊन ओवाळायलाच आली. सांगळे ओशाळले.

"मावशी, मी पडलो. निवडून दुसराच आलाय."

"ठाऊक हाय. पण मतं मागून गेलेला माणूस माघारी येतो, हे आज पहिल्यांदा बघितलं."

सांगळे वाकून तिच्या पाया पडले.

"मावशी, पुन्हा उभा राहू?"

कपाळाला कुंकू लावत म्हातारी म्हणाली, "इचारताय काय, कंडक्टर? मारा डबल बेल!"