बारशाचा फोटो

छपाईला जाणाऱ्या प्रत्येक चित्रावर मागाहून चढवलेला थर संगणकावर सोलून मूळ चित्र पाहायचं, असा आता कायदाच होता. व्यवसाय-शाळेतल्या ग्राफिक्सच्या वर्गात त्याच्या सरावासाठी प्रणोतीने घरच्या भिंतीवरचा फोटो स्कॅन करून आणला होता. हिरव्या शालूतली तिची आई आणि मांडीवर बारा दिवसांची प्रणोती. आई पुढे दोन वर्षांनी गेली, असं पप्पा सांगत.

"काय गं, बारशाला कुणी फुलांचे दागिने घालतं का?" शेजारची हर्षदा हसली.

"आमच्यात घालतात!" फणकाऱ्याने म्हणत प्रणोतीने थर सोलायचं बटण दाबलं.

शालू, फुलं, आईचं हसू, सगळं जागच्या जागी राहिलं. मांडीवरचं बाळ मात्र विरत विरत नाहीसं झालं.

प्रणोतीने वर्गातूनच पप्पांना फोन लावला.

"पप्पा, फोटोत मी नाहीये. आईनं मला कधी घेतलंच नव्हतं का?"

"तू झालीस आणि ती गेली, बाळा. तुला सांगायचा धीरच झाला नाही."

फोन तिच्या हातातून निसटला. हर्षदा पडद्याकडे बघत होती. बाळ होतं तिथे आता आईचे दोन्ही हात दिसत होते, भरल्या पोटावर ठेवलेले.

"अगं, हे डोहाळजेवण आहे," हर्षदा हळूच म्हणाली. "आहेस की तू फोटोत."